आतड्यांतील वस्ती आणि मनाची खिन्नता



कामगार चळवळीतल्या माणसाने या व्यासपीठावरून महागाई, कंत्राटी पद्धत नाहीतर नव्या श्रमसंहिता यांवर बोलावे, अशी अपेक्षा असते. मी यंदा विषय कळवला तो आतड्यांतील जंतूंचा. चिटणिसांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. तेव्हा आधी कारण सांगतो आणि मग इतिहासाकडे वळतो.

संघटनेच्या कचेरीत वर्षानुवर्षे बसणाऱ्याला एक गोष्ट हटकून दिसते. कामावरून कमी केलेला, कर्जात सापडलेला किंवा सलग रात्रपाळ्यांनी पिंजून गेलेला माणूस ‘मी खिन्न आहे’ असे सांगत येत नाही. तो सांगतो, भूक मेली आहे, पोटात गोळा येतो, सकाळी पोट साफ होत नाही, तोंडाला चव नाही. डॉक्टर पोटाचे औषध लिहून देतात. घरची माणसे म्हणतात, मनाला लावून घेऊ नकोस. दुखणे पोटात की मनात, हा वाद दोघांनी परस्पर निकालात काढलेला असतो. आपल्या भाषेने मात्र तो वाद कधी मानलाच नाही. आपण दुसऱ्याचा अपराध पोटात घालतो, गुपित पोटात ठेवतो, पोटतिडकीने बोलतो. भीतीने आपल्या पोटात खड्डा पडतो आणि राग आला की पित्त खवळते. ग्रीक वैद्यांनी तर खिन्नतेला नावच काळ्या पित्ताचे दिले: मेलँकोलिया.

पण भाषा म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा गोळा होण्याचा इतिहास दोनशे वर्षांचा आहे आणि त्याची सुरुवात, मला सांगायला बरे वाटते, एका मजुरापासून होते.

हा मजूर म्हणजे अलेक्सी सेंट मार्टिन. कॅनडातला फ्रेंच भाषिक, कातड्यांचा व्यापार करणाऱ्या अमेरिकन फर कंपनीच्या नावा वल्हवणारा हमाल. १८२२ च्या जून महिन्यात मॅकिनॅक बेटावर, कंपनीच्या दुकानात कोणाची तरी बंदूक चुकून उडाली आणि त्याच्या बरगड्यांखाली भगदाड पडले. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याला जगवले, पण जखम बुजली नाही. जठरात थेट डोकावता येईल असे भोक कायमचे राहिले. बोमाँट यांनी रेशमी दोऱ्याला मांसाचे, भाजीचे तुकडे बांधून ते त्या भोकातून आत सोडावेत, तासातासाने बाहेर काढून पाहावेत, असे प्रयोग केले आणि १८३३ मध्ये त्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात एक निरीक्षण आपल्या विषयाचे आहे. सेंट मार्टिन चिडला, संतापला की जठराच्या आतल्या अस्तराचा रंग पालटे आणि पचन बिघडे. मनाचा परिणाम पोटावर होतो, हे डोळ्यांनी पाहून लिहिलेले हे पहिले ठळक टिपण म्हणावे लागेल.

तो चिडत का होता, याची मात्र पुस्तकात फारशी चौकशी नाही. आमच्यासारख्यांना ती करावीशी वाटते. १८३२ मध्ये बोमाँट यांनी त्याच्याशी रीतसर करार केला: एक वर्ष, अन्नवस्त्र आणि १५० डॉलर, मोबदल्यात डॉक्टर सांगतील ते प्रयोग अंगावर करून घ्यायचे. त्या निरक्षर माणसाने सहीच्या जागी फुली मारली. संधी मिळाली की तो घरी कॅनडात निघून जाई आणि पोराबाळांच्या पोटासाठी परत येई. तो १८८० मध्ये वारला, तेव्हा डॉक्टर मंडळी ते जठर मागतील म्हणून घरच्यांनी प्रेत मुद्दाम काही दिवस तसेच सडू दिले आणि नंतर फार खोल खड्डा करून पुरले. विज्ञानाच्या पुस्तकांत हा भाग तळटीपेत येतो.

बोमाँट यांना जठर दिसले, पण त्याच्या पुढचे आतडे व त्यातली वस्ती दिसली नाही. ती वस्ती त्यांच्या कितीतरी आधी डेल्फ्ट गावच्या एका कापडविक्याने पाहिली होती. आंतोनी व्हान लेव्हेनहूक हे त्यांचे नाव. त्यांना ना लॅटिन येत होते, ना विद्यापीठाचा गंध. कापडाचे सूत तपासण्याच्या भिंगातून गोडी लागली आणि स्वतः घासलेल्या भिंगांतून त्यांनी दातांवरचे किटण, एवढेच काय, स्वतःचा हगवणीचा मलसुद्धा पाहिला. १६८० नंतरच्या त्यांच्या पत्रांत या वळवळणाऱ्या ‘छोट्या प्राण्यां’ची वर्णने आहेत. शाळेबाहेर शिकलेल्या माणसांनी हे नाव लक्षात ठेवावे. आज आपल्याला त्या वस्तीचा अदमास आहे. २०१६ मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेतील शास्त्रज्ञांनी केलेल्या मोजदादीप्रमाणे एका सर्वसाधारण पुरुषाच्या देहात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात आणि त्याच्या स्वतःच्या पेशी असतात सुमारे ३० लाख कोटी. जीवाणूंचे एकूण वजन भरते पाव किलोच्या आतबाहेर. त्यांतले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात राहतात. एका पेशीमागे दहा जंतू, हा आकडा त्याआधी पुस्तकापुस्तकांतून बिनदिक्कत फिरत होता. कोणी मोजलेच नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चर आणि कॉख यांच्यामुळे जंतू म्हणजे शत्रू हे समीकरण पक्के झाले. त्या वातावरणात पॅरिसचे डॉक्टर शार्ल बुशार यांनी १८८७ मध्ये आपली व्याख्याने छापली. त्यांचे म्हणणे असे की आतड्यात अन्न कुजते, त्याचे विष रक्तात जाते आणि माणूस स्वतःच स्वतःला विष पाजत असतो. मलावरोध, डोकेदुखी, थकवा, उदासी, चिडचिड अशी सगळी गाऱ्हाणी या एका विषाच्या खात्यावर टाकता आली, म्हणून ही कल्पना पसरली. एकच कारण देणारी कल्पना सभेतही जास्त टाळ्या घेते.

याच कल्पनेला सर्वांत मोठा माणूस मिळाला तो एली मेचनिकॉफ. हे गृहस्थ १८४५ मध्ये खार्कोव्हजवळ जन्मले. पेशी जंतूंना गिळून टाकतात या त्यांच्या शोधाबद्दल त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक पाउल एरलिख यांच्याबरोबर विभागून मिळाले. त्यांच्या आयुष्याकडे पाहिले की आपला विषय त्यांनी प्रयोगशाळेबाहेरच गाठला होता असे वाटते. पहिल्या पत्नीला क्षय होता. लग्नाच्या दिवशी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. १८७३ मध्ये ती गेली आणि मेचनिकॉफ यांनी मॉर्फीन घेऊन जीव देण्याचा प्रयत्न केला. मात्रा इतकी जास्त झाली की ओकारी होऊन ते वाचले. पुढे दुसरी पत्नी विषमज्वराने आजारी पडली, तेव्हा १८८१ मध्ये त्यांनी पुन्हा, या वेळी उलटून येणाऱ्या तापाचे जंतू टोचून घेतले. त्यातूनही वाचले. हाच माणूस उतारवयात पॅरिसच्या पाश्चर संस्थेत बसून सांगू लागला की मोठे आतडे हे कुजीचे आगर आहे, म्हातारपण तिथून येते, आणि त्यावर उपाय म्हणजे विरजणातले आम्लजंतू. १९०५ मध्ये स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणाने जिनिव्हात आपल्या देशच्या दह्यातला जंतू वेगळा करून दाखवलाच होता. मेचनिकॉफ रोज आंबवलेले दूध पिऊ लागले आणि त्यांच्या १९०७ च्या ग्रंथाच्या उपनावात चक्क आशावादाचा उल्लेख आहे. पॅरिस-लंडनच्या औषधी दुकानांत दह्याच्या गोळ्या दिसू लागल्या. त्यांनी स्वतः सावधपणे लिहिले होते, जाहिरातदारांना सावध राहण्याचे कारण नव्हते. १९१६ मध्ये, एक्काहत्तराव्या वर्षी, ते वारले.

ज्या देशात आजीने काल रात्री दुधाला लावलेले विरजण हा नित्याचा व्यवहार होता, तिथल्या माणसाला या गोळ्यांचे हसू येईल. येऊ द्यावे. पण विरजण लावणे आणि विरजणाने कोणता आजार किती माणसांत हटला हे दाखवणे, ही दोन कामे आहेत. दुसरे आपणही केले नव्हते.

ते करण्याचा एक छोटा प्रयत्न लंडनमध्ये झाला. बेथलेम या जुन्या, वेड्यांसाठी कुप्रसिद्ध झालेल्या इस्पितळातील डॉक्टर जॉर्ज पोर्टर फिलिप्स यांनी १९१० मध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला. खिन्नतेच्या १८ रोग्यांना त्यांनी आम्लजंतूंचे औषध दिले आणि मांसाहार बराचसा बंद केला. त्यांपैकी ११ पूर्ण बरे झाले, असे ते सांगतात. जंतू देऊन मनाचा आजार हटवण्याचा हा पहिल्या प्रयत्नांपैकी एक. वाचताना आनंद होतो आणि लगेच प्रश्न पडतो: खिन्नता पुष्कळदा काळाच्या ओघात आपोआपही ओसरते, मग औषध न दिलेले १८ कुठे आहेत? बरे झाले हे ठरवले कोणी? ज्याने औषध दिले त्यानेच. कारखान्यात उत्पादनाचा आकडा आणि अपघाताचा आकडा एकाच साहेबाच्या वहीत असला की काय होते, ते मला माहीत आहे. फिलिप्स यांच्या प्रामाणिकपणावर मी बोट ठेवत नाही. वही कोणाच्या हातात होती, एवढेच विचारतो.

हा प्रश्न न विचारल्याने काय होऊ शकते, ते अटलांटिकच्या पलीकडे दिसले. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील ट्रेंटन येथे सरकारी मनोरुग्णालय होते. हेन्री कॉटन १९०७ मध्ये, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, त्याचे अधीक्षक झाले. या माणसाला राक्षस ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही. त्यांनी येताच रोग्यांना जखडणारी साधने बंद केली. त्यांचे शिक्षण त्या काळच्या उत्तमांत उत्तम गुरूंकडे झाले होते. आणि १९१३ मध्ये हिदेयो नोगुची यांनी वेडाच्या एका प्रकारात मेंदूमध्ये उपदंशाचे जंतू प्रत्यक्ष दाखवले, तेव्हा सगळेच वेड कुठल्यातरी दडलेल्या जंतूंचे असावे, हा तर्क वेडगळ मुळीच नव्हता. कॉटन यांनी तर्काला सिद्धान्त मानले. आधी दात उपटले. मग टॉन्सिल. रोगी सुधारला नाही तर जंतू आणखी खोल असणार, म्हणून मोठे आतडे कापून काढायचे. लंडनचे सर्जन आर्बथनॉट लेन मलावरोधासाठी अशा शस्त्रक्रिया करीतच होते, त्यामुळे वाट तयार होती.

कॉटन १०० पैकी ८५ रोगी बरे होतात असे सांगत. वृत्तपत्रे डोक्यावर घेत. १९२१ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात त्यांची व्याख्यानमाला झाली. आतडे काढलेल्या रोग्यांपैकी १०० तले सुमारे ३० दगावतात, हे ते स्वतः मान्य करीत आणि रोग्यांची प्रकृती आधीच खालावलेली असते, असे कारण देत. रोग्याची इच्छा नसली तरी उपचार नेटाने करावे लागतात, हेही त्यांनी लपवले नाही. हे रोगी कोण? सरकारी इस्पितळात येतात ते: गरीब, परदेशातून पोट भरायला आलेले, इंग्रजी नीट न येणारे. वेडा म्हणून दाखल झालेल्याचा नकार हे वेडाचेच लक्षण ठरत असे, तिथे तक्रार कोणाकडे करायची?

१९२४ मध्ये कॉटन यांचे गुरू अ‍ॅडॉल्फ मायर यांनी फिलिस ग्रीनेकर या तरुण डॉक्टरीणबाईंना ट्रेंटनला हिशेब तपासायला पाठवले. बाईंनी इस्पितळाची दप्तरे बारकाईने लावली, सुटून गेलेल्या रोग्यांचा घरोघर जाऊन शोध घेतला. त्यांना दिसले की अनेकांचे सगळे दात काढले होते आणि कवळी दिली नव्हती, म्हणून समोरचे अन्न चावता येत नव्हते. आकडे तर उलटेच निघाले: ज्यांच्यावर सर्वांत कमी उपचार झाले तेच जास्त बरे झाले, आणि ज्यांच्यावर सर्वांत जास्त झाले ते सुधारले नाहीत वा मेले. शस्त्रक्रियेतील मृत्यूंचे प्रमाणही कॉटन सांगत त्याहून मोठे निघाले. १९२५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाच्या समितीपुढे माजी रोगी, नातेवाईक आणि नोकर साक्षी द्यायला उभे राहिले. बाईंचा अहवाल मात्र मायर यांनी दाबून ठेवला. कॉटन यांची मनःस्थिती त्या काळात ढासळली. त्यांनी स्वतःचे दात काढून घेतले, आपल्याला बरे वाटते असे जाहीर केले आणि पुन्हा कामाला लागले. १९३३ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांचा गौरवच झाला. ही हकीकत सविस्तर बाहेर आली ती अँड्र्यू स्कल या समाजशास्त्रज्ञांच्या २००५ च्या ग्रंथातून. मला यात कॉटनपेक्षा मायर यांची वागणूक अधिक खुपते. सुरी चालवणाऱ्याची निदान श्रद्धा होती. अहवाल कपाटात ठेवणाऱ्याला सर्व ठाऊक होते.

आतड्यातल्या विषाची कल्पना यानंतर ओसरली. वॉल्टर अल्वारेझ यांनी १९१९ मध्येच दाखवून दिले होते की मलावरोधातले जडपण, डोकेदुखी ही विषामुळे नव्हे, तर आतडे ताणल्यामुळे, नसांमार्फत होते. शौचास होताच क्षणात बरे वाटते, आणि रक्तातले विष इतक्या झटकन कसे जाईल? उत्तर साधे होते आणि त्यात मेंदू व आतडे जोडणाऱ्या तारेची सूचनाही होती. पण तिकडे कोणी वळले नाही. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू इस्पितळात क्षयावरचे इप्रोनियाझिड घेणारे रोगी अनपेक्षितपणे उल्हसित दिसू लागले आणि त्यातून खिन्नतेवरील आधुनिक औषधांचे युग आले. लक्ष मेंदूकडे गेले, ते योग्यच झाले. या औषधांनी असंख्य माणसे उभी केली आहेत.

पोटातल्या वस्तीचा विषय परतला तो जपानमधून. फुकुओका येथील क्यूशू विद्यापीठात नोबुयुकी सुदो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. जन्मापासून एकही जंतू अंगात नसलेले उंदीर वाढवले आणि त्यांना अरुंद नळीत कोंडले. नेहमीच्या उंदरांपेक्षा त्यांच्या रक्तात ताणाचे संप्रेरक कितीतरी जास्त चढले. एका विशिष्ट जंतूची वस्ती पोटात रुजवली की ते उतरले. साधी वस्ती मात्र लहानपणीच रुजवली तर उपयोग झाला. उंदीर मोठे झाल्यावर नाही. २०११ मध्ये आयर्लंडच्या कॉर्क येथील मंडळींनी आम्लजंतूंच्या एका वाणाने उंदरांची भीती कमी करून दाखवली, आणि व्हेगस नावाची नस कापली तर तो परिणाम नाहीसा होतो हेही दाखवले. ही नस मेंदूतून निघून थेट आतड्यापर्यंत भटकत जाते. तिच्यातले १०० पैकी सुमारे ८० तंतू खालून वर बातमी नेणारे असतात. वरून खाली हुकूम नेणारे थोडे. कारखान्यात हे प्रमाण उलटे असते, असे कोणी म्हणेल, तर मी नाही म्हणणार नाही. शिवाय दुसऱ्या वाटा आहेत: जंतू चोथ्यापासून जी आम्ले बनवतात ती, आणि शरीराची दाह निर्माण करणारी यंत्रणा. सेरोटोनिन हे मनाशी जोडलेले द्रव्य १०० तले ९० हून अधिक भाग आतड्यात तयार होते, असे सांगून बाटल्या विकल्या जातात. विधान खरे आहे, पण आतड्यातले सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही, हे पुढचे वाक्य लेबलावर नसते.

उंदरांवरून माणसांकडे येताना काय होते, ते त्याच कॉर्कच्या मंडळींनी स्वतः सांगितले, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो. २०१७ मध्ये त्यांनी तोच वाण २९ निरोगी पुरुषांना दिला. ताणावर, मनःस्थितीवर काहीही परिणाम झाला नाही, आणि तसेच छापले. त्याआधी २०१६ मध्ये त्यांनी खिन्नतेच्या रोग्यांच्या मलातले जंतू उंदरांच्या पोटात घातले, तर उंदीरही मलूल व भित्रे झाले होते. २०१९ मध्ये बेल्जियममधील लूव्हन येथील संशोधकांनी १०५४ माणसांची तपासणी केली. खिन्न माणसांच्या पोटात कोप्रोकोकस आणि डायलिस्टर हे दोन गट कमी आढळले, आणि औषधांचा परिणाम वजा करूनही ते कमीच राहिले. पण जंतू कमी झाल्याने खिन्नता आली, की खिन्नतेत माणूस नीट जेवत नाही म्हणून जंतू कमी झाले? ऑस्ट्रेलियात १२ वर्षे माणसांचा माग ठेवून झालेल्या एका अभ्यासाने दोन्ही दिशा दाखवल्या: काहींना आधी चिंता जडली आणि मग पोट बिघडले, काहींचे आधी पोट बिघडले आणि नंतर चिंता व खिन्नता आली. माझ्या कचेरीतला वाद २०१२ मध्ये असा बरोबरीत सुटला.

पोट आधी कसे बिघडते, याचे एक उदाहरण सांगतो. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात वॉकर्टन नावाचे सुमारे पाच हजार वस्तीचे गाव आहे. मे २००० मध्ये मुसळधार पाऊस झाला आणि गुरांच्या शेणातले जंतू गावाच्या एका विहिरीत उतरले. ७ माणसे मेली, २३०० हून अधिक आजारी पडली. चौकशीत निघाले की नळपाणी खात्यातील दोघे भाऊ क्लोरीनच्या नोंदी वर्षानुवर्षे खोट्या भरत होते. त्यांना शिक्षा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांनी त्यापुढचेही लिहून ठेवले: १९९६ मध्ये सरकारने पाणी तपासणाऱ्या आपल्या प्रयोगशाळा बंद करून काम खाजगीकडे दिले, आणि दूषित नमुना सापडला तर तो आरोग्याधिकाऱ्याला कळवण्याचे बंधन त्या प्रयोगशाळांवर घातलेच नाही. नंतर डॉक्टरांनी या गावाचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. जे त्या वेळी आजारी पडले नव्हते त्यांच्यात सुमारे १०० तल्या १० जणांना आतड्याची चिवट तक्रार होती. जे खात्रीने आजारी पडले होते त्यांच्यात सुमारे ३६ जणांना. हगवण आठवड्यात थांबली, आतडे मात्र वर्षानुवर्षे रुसून राहिले. आणि अशा चिवट तक्रारीच्या माणसांत खिन्नता व चिंता इतरांपेक्षा पुष्कळ जास्त आढळते. या माणसांच्या मनाचे दुखणे सुरू झाले ते पालिकेच्या नळातून.

आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय पोटांतल्या वस्तीचा अभ्यास बरीच वर्षे केला आहे. भाजीपाला, धान्य, डाळी यांवर पोसलेल्या आपल्या आतड्यांत प्रिव्होटेला या गटाचा भरणा दिसतो, जो युरोप-अमेरिकेतल्या पोटांत पुष्कळदा कमी असतो. म्हणून तिकडच्या पोटांवरून बेतलेली बाटली इकडे तशीच लागू पडेल, हे गृहीत धरू नये. जेवण सुधारून काय होते, याचा एक प्रयोग ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका यांनी केला. खिन्नतेच्या ६७ रोग्यांपैकी निम्म्यांना आहार बदलायला मदत केली, बाकीच्यांशी नुसत्या गप्पा मारल्या. १२ आठवड्यांनी पहिल्या गटात १०० तल्या ३२ जणांची खिन्नता ओसरली, दुसऱ्यात ८ जणांची. २०१७ चा हा निकाल आशा वाढवणारा आहे. आपण कोणत्या गटात आहोत हे मात्र प्रत्येकाला कळत होते. जेवण लपवता येत नाही.

गोळी लपवता येते. २०२३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी आपला प्रयोग छापला. फिलिप्स यांचे बेथलेम १९४८ मध्ये मॉडस्ली इस्पितळाशी जोडले गेले आणि मॉडस्लीचे नाते याच कॉलेजाशी आहे, म्हणजे घराणे जवळजवळ तेच. खिन्नतेचे ४९ रोगी होते, सगळ्यांचे नेहमीचे औषध चालू होते आणि त्याचा पुरता गुण येत नव्हता. निम्म्यांना आठ आठवडे १४ वाणांचे आम्लजंतू, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. कोणाला काय मिळाले, हे ना रोग्याला माहीत, ना तपासणाऱ्याला. रोग्यांनी संमतीच्या कागदावर स्वतः सह्या केल्या होत्या. जंतू घेतलेल्यांची खिन्नता व चिंता दुसऱ्या गटापेक्षा जास्त उतरली. संशोधकांनी खाली लिहिले की हा केवळ प्राथमिक प्रयोग आहे, मोठा झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. नेहमीचे औषध त्यांनी कोणाचेही बंद केले नव्हते.